पाकीट नसलेले पत्र

परदेशात सेवेसाठी गेलेल्या मुलाने घरी पत्र लिहावे यात चर्चा करण्यासारखे ते काय, असे आमचे वाचक म्हणतील. मूल सुखरूप पोहोचले, दोन वेळा जेवते, अंगात ताप नाही, एवढे कळले की आईबापांना पुरे होते. परंतु गेल्या काही वर्षांत अशी पुष्कळ पत्रे आमच्या वाचनात आली. काही कागदावरची, बहुतेक मोबाईलवरची, सोबत फोटो. ती वाचताना एक प्रश्न मनातून जाईना. ज्या माणसांची सेवा करायला आपण गेलो, त्यांच्याविषयी घरी काय लिहावे आणि काय लिहू नये? त्यांची गळकी छपरे, त्यांच्या पोरांची वाहती नाके, त्यांच्यातली भांडणे हे सर्व आपल्या पत्रात घालण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली?

तरुणांनी तुकडी करून परमुलखात सेवेस जाण्याची चाल फार जुनी नाही. इंग्लंडात १९५८ साली ॲलेक डिक्सन यांनी शाळा संपलेल्या मुलांना वर्षभर बाहेरदेशी पाठवण्याची योजना काढली. १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकेत पीस कोअर स्थापन केले. कर्नल ब्लॅशफर्ड-स्नेल यांनी १९७८ साली ऑपरेशन ड्रेक आणि १९८४ साली ऑपरेशन रॅले या मोहिमा काढल्या. त्यांत सतरा ते चोवीस वयाची मुले जंगलात पूल बांधीत, शाळा उभारीत, प्राण्यांची मोजदाद करीत. आपल्याकडे इस्राएलात लष्करातून सुटलेली मुले पाठीवर पिशवी टाकून हिंदुस्थान-नेपाळकडे निघतात हे तर घरोघरी ठाऊक आहे. त्यांपैकी काहींना नुसते डोंगर चढून समाधान होत नाही. नेपाळातील खेड्यांत काम करणारी तेव्हेल बेत्झेदेक ही संस्था रब्बी मीखा ओडेनहाइमर यांनी २००७ साली काढली. ठाण्याला लागून असलेल्या कळव्याच्या झोपडपट्टीत २०१२ सालापासून गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबईमार्फत ज्यू तरुण मुलांना शिकवायला जातात. ठाणे म्हणजे आपलेच. तेथील शाअर हाशामाईम मशीद १८७९ सालची. आपली नातवंडे अशी जातात याचा आम्हाला अभिमान वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे लिहिणे कोणी वाकड्या अर्थाने घेणार नाही.

आता ही पत्रे अशी का लिहिली जातात ते पाहू. पुष्कळ मोहिमांत जाण्याचा खर्च मुलाने स्वतः उभा करायचा असतो. तो मामाकडे जातो, काकाकडे जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मशिदीतल्या मंडळींना विचारतो. कोणी पन्नास शेकेल देतो, कोणी पाचशे. जाताना मुलगा शब्द देतो, मी तेथून सगळे लिहून कळवीन. म्हणजे पत्र हे पत्र राहत नाही, ती वर्गणीची पावती होते. आणि पावतीवर रक्कम मोठी दिसावी असे कोणाला वाटत नाही? गाव जितके भिकार दाखवावे तितकी सेवा मोठी दिसते. मुलगा खोटे लिहीत नाही. तो फक्त निवडतो. त्या गावात एक वाचनालय असते, ते पत्रात येत नाही. गावचा शिक्षक तीन भाषा बोलतो, तो पत्रात येत नाही. नाक वाहणारे पोर मात्र नक्की येते, आणि बहुधा मुलाच्या मांडीवर बसून येते.

या बाबतीत १९६१ साली घडलेली एक गोष्ट आम्हाला फार बोधक वाटते. पीस कोअरची नायजेरियाला गेलेली पहिली तुकडी इबादान येथील विद्यापीठात प्रशिक्षण घेत होती. देश स्वतंत्र होऊन नुकते एक वर्ष झाले होते. त्या तुकडीतील तेवीस वर्षांच्या एका मुलीने अमेरिकेतील आपल्या स्नेह्याला पोस्टकार्ड लिहिले. तिचे नाव तेव्हा जगभर छापून आले, पण ते येथे देण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. कार्डात तिने लिहिले की येथील घाण आणि राहणीचा मागासपणा पाहण्याची आमच्या मनाची तयारी नव्हती, लोक रस्त्यावरच राहतात, रस्त्यावरच रांधतात, विकतात, आणि आणखीही एक गोष्ट रस्त्यावरच करतात. त्याच कार्डात तिने हेही लिहिले होते की सुरुवातीचा धक्का ओसरल्यावर हा अनुभव फार मोलाचा वाटतो आहे. कार्ड टपालात पडण्याआधी वाटेत कोठेतरी गळून पडले. एका नायजेरियन विद्यार्थ्याला ते सापडले. त्याच्या नकला काढून वाटण्यात आल्या, विद्यार्थ्यांची सभा भरली, निषेध झाला, या स्वयंसेवकांना परत पाठवा अशी मागणी झाली. त्या मुलीने क्षमा मागितली आणि ती नायजेरिया सोडून गेली. बाकीची तुकडी राहिली आणि काम पुढे चालले.

आता या मुलीचा अपराध कोणता? ती खोटे बोलली नव्हती. ती दुष्ट नव्हती. सेवा करायलाच घरदार सोडून आली होती. कार्ड खाजगी होते, एका माणसासाठी होते. त्या काळी तिची बाजू घेणाऱ्यांनी हेच म्हटले, आणि त्यात तथ्य आहे. तरीही त्या विद्यार्थ्यांचा संताप आम्हाला समजतो, आणि तो समजण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. आपल्या घरी पाहुणा येतो, आपण त्याला उत्तम ताटात वाढतो, आणि जाताना त्याच्या खिशातून चिठ्ठी पडते, तिच्यात आपल्या मोरीचे वर्णन असते. मोरी तशी असेलही. पण हा माणूस आपले अन्न खात असताना मोरी पाहत होता, हे कळल्यावर जेवणाची चव मागाहून बिघडते.

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार आधीच करून ठेवला आहे. लाशोन हारा म्हणजे नुसती खोटी निंदा नव्हे. खोटी निंदा हा निराळा आणि अधिक मोठा दोष आहे. लाशोन हारा ही खरी गोष्टच असते, जी सांगितल्याने ज्याच्याविषयी सांगितली त्याची मान खाली जाते. हाफेझ हाईम यांनी १८७३ साली या एका विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. आणि दानाविषयी म्हणाल तर बेथ हामिकदाशमध्ये एक खोली होती, तिला गुप्त खोली म्हणत. देवभीरू माणसे तेथे गुपचूप पैसे ठेवीत आणि चांगल्या घरची, पण दैव फिरलेली माणसे तेथून गुपचूप घेत, असे मिश्नेत सांगितले आहे. रामबामने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या, त्यांत सर्वात वरची पायरी गरिबाला काम किंवा कर्ज देऊन त्याच्या पायावर उभे करण्याची, आणि तिच्या खालची अशी की देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही. या पायऱ्यांवर त्या मांडीवर पोर घेतलेल्या फोटोला कोठे बसवायचे ते वाचकांनीच ठरवावे.

परंतु तोरामधील जी गोष्ट आम्हाला या विषयाच्या अगदी जवळची वाटते ती शेलह लेखा पाराशातील हेरांची. मोशे रब्बेनूने बारा जण कनानात पाठवले. तरुण, निवडक, आपापल्या वंशातील मानाची माणसे. एक प्रकारे ती मोहीमच होती. चाळीस दिवस फिरून त्यांनी अहवाल आणला. शहरे तटबंदीची आहेत म्हणाले, ती होती. माणसे धिप्पाड आहेत म्हणाले, ती होती. द्राक्षांचा घड पुराव्यादाखल खांद्यावर आणला. तरी त्या अहवालापायी सबंध पिढी चाळीस वर्षे रानात राहिली. चूक कोठे झाली? आमच्या गमारेतील विद्वानांनी एका वाक्यावर बोट ठेवले आहे. हेर म्हणाले की आम्ही आमच्या दृष्टीने नाकतोड्यांसारखे होतो, आणि त्यांच्याही दृष्टीने तसेच होतो. पहिला भाग ठीक, स्वतःला काय वाटले ते स्वतःला ठाऊक. पण त्यांना काय वाटले हे तुम्हाला कोणी सांगितले? तुम्ही त्यांना विचारले होते काय?

हे वाचल्यावर मुलांची पत्रे पुन्हा हाती घ्यावीत. "इथले लोक गरीब आहेत पण आनंदी आहेत." हे वाक्य आम्ही इतक्या पत्रांत वाचले की आता ते दिसण्याआधीच ओळखू येते. तुला कोणी सांगितले? तू त्यांची भाषा किती शिकलास, तीन आठवड्यांची? कर्ज फिटत नाही म्हणून रात्री जागणारा माणूस पाहुण्यापुढे हसतो, कारण पाहुण्यापुढे हसायचे असते. "आमच्यामुळे त्यांच्या आयुष्यात प्रकाश आला" हे दुसरे वाक्य. त्यांच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो, हे हेरांनी ठरवून टाकले तसेच हे. फरक एवढाच की हेर स्वतःला नाकतोडे समजले आणि ही मुले स्वतःला सूर्य समजतात.

आम्ही बेने इस्राएलांनी या बाबतीत बोलण्याचा थोडा अधिकार मिळवलेला आहे, कारण आपण दीर्घकाळ दुसऱ्यांच्या पत्रांतला मजकूर होतो. आपल्याविषयीच्या सर्वात जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक आहे तो एका पत्रातच. कोचीनच्या येहेज्केल राहाबी यांनी १७६८ साली हॉलंडमधील तोबियास बोआस यांना लिहिलेले ते पत्र. मराठ्यांच्या मुलखात बेने इस्राएल नावाचे लोक विखुरलेले आहेत, तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात आणि शेमापलीकडे त्यांना धर्माचे काही ठाऊक नाही, असा त्यातला आशय. पुढे मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले, १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण काढले, आपल्या मुलांना शिकवले. त्यांचे उपकार कोणी नाकारू नयेत, आम्हीही नाकारीत नाही. पण मिशनरी मंडळी मायदेशी अहवालही धाडीत, आणि त्या अहवालांत आपण अज्ञानी, अंधारातले, शिकवण्यास योग्य असे लोक होतो. तेथील वर्गणीदारांना तसेच वाचायचे होते. राहाबींनी लिहिले ते खोटे नव्हते. शेमापलीकडे ठाऊक नव्हते हे खरे असेल. पण शतकानुशतके कोकणच्या खेड्यात, एकही रब्बी नाही, एकही पुस्तक नाही, अशा स्थितीत शेमा टिकवला कसा, शनिवारी घाणा बंद ठेवून "शनवार तेली" हे नाव पोटाला चिमटा काढून कमावले कसे, हे त्या पत्रांतून कळत नाही. ते कळण्यासाठी हाईम सामुएल केहिमकरांना स्वतः लेखणी घ्यावी लागली. त्यांचा बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते. दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिलेले लवकर छापते, आपण आपल्याविषयी लिहिलेले उशिरा, हाही एक अनुभव.

येथे आल्यावर तरी काय निराळे झाले? दिमोना, बेएर शेवा, लोद येथे सुरुवातीच्या वर्षांत समाजसेवक येत, प्रश्न विचारीत, वहीत टिपून नेत. आपल्या आया त्यांना चहा करून देत. वहीत काय गेले ते त्यांना कधी कळले नाही. आणि त्याच काळात आपली वडीलधारी माणसे मुंबई-पुण्याला जी निळी एअरोग्राम पाठवीत, ती आठवून पाहावीत. पत्र्याच्या खोलीत राहणारा माणूस लिही, "आम्ही सर्व मजेत आहोत, हवा चांगली आहे, घर लवकरच मिळेल." ज्यांना ते सहन झाले नाही ते भांडले, धरणे धरले, आणि १९५२ साली काही कुटुंबे हिंदुस्थानात परतलीसुद्धा, पुढे त्यांतली बरीच पुन्हा आली. पण घरच्या पत्रात दैन्य लिहायचे नाही, ही बहुतेकांची रीत. त्यांनी स्वतःची गैरसोय झाकली. नातवंडे दुसऱ्याची गैरसोय उघडी करतात. दोन्ही पत्रे घरीच लिहिलेली, पण केवढा फरक!

आमच्या परिचयाच्या एका घरी नेपाळातील खेड्यातून नातवाचे पत्र आले. हिब्रूत होते. सुनेने ते सासूबाईंना मराठीत सांगितले. सासूबाई मूळच्या रेवदंड्याच्या, नव्वदीच्या घरात. मुलाने फार कळवळ्याने लिहिले होते. घराला नळ नाही, बायका डोक्यावरून पाणी आणतात, जमीन शेणाने सारवलेली, सगळे खाली बसून हाताने जेवतात, रात्री एकच दिवा. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, मग यात लिहिण्यासारखं काय आहे? आमच्याकडे तस्संच होतं. आम्ही काय गरीब होतो?" सून गप्प बसली. मुलाने जे दैन्य म्हणून लिहिले होते ते आजींचे माहेर होते. त्याला हे कोणी सांगितले नव्हते. घरच्या फोटोंमध्ये सगळे मुंबईचे फोटो, सूटबूट घातलेले, आणि गावाची कहाणी मलिद्याच्या दिवशी कधी निघाली तर निघाली. हा दोष एकट्या मुलाचा म्हणता येईल काय?

यावर कोणी म्हणेल, मग काय मुलांनी तोंड शिवून घ्यावे? दुःख दिसले तरी सांगू नये? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. आंरी द्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतरचे जखमी पाहून आला. १८६२ साली त्याने पाहिले ते पुस्तकरूपाने लिहिले, आणि १८६३ साली रेड क्रॉसचा पाया घातला गेला. तो गप्प बसला असता तर किती सैनिक रणांगणावर तडफडत मेले असते! कधी कधी लिहिणे हीच सेवा असते आणि न लिहिणे हे पाप. इव्हान इलिच यांनी १९६८ साली मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की येथे पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. हे ऐकायला झणझणीत आहे. आम्हाला ते पटत नाही. कोणी आलेच नाही तर कोणाला काही कळणारही नाही, आणि भूकंपात पडलेले घर नुसते पाहून उभे राहत नाही.

तेव्हा द्युनांचे लिहिणे आणि इबादानचे कार्ड यांत भेद कोणता? दोघांनी जे दिसले तेच लिहिले. एक भेद असा की द्युनांच्या लिहिण्यात वाचणाऱ्याकडे मागणे होते. जखमींची शुश्रूषा करणारी मंडळे शांततेच्या काळातच का तयार ठेवू नयेत, हा त्याचा प्रश्न होता. वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला काही करणे भाग होते. कार्डात मागणे नव्हते, नुसते नवल होते. दुसऱ्याच्या दुःखाचे नवल वाटणे हा गुन्हा नव्हे, पण ते टपालाने पाठवण्यासारखेही नाही.

आमच्यापैकी काहींनी एक सोपी कसोटी सुचवली. जे लिहिले ते ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचून दाखवता येईल काय? येत असेल तर पाठवावे. कसोटी चांगली आहे, आणि आता तर जरूरच आहे, कारण आजकाल कोणत्याच पत्राला पाकीट नसते. मोबाईलवरचा फोटो संध्याकाळपर्यंत त्याच गावात परत येतो. पण ही कसोटी सगळीकडे चालत नाही. गावात सावकार शेतकऱ्याला नाडतो आहे, किंवा बारा वर्षांच्या मुलीचे लग्न लावले जात आहे, तर हे पत्र सावकाराला किंवा त्या मुलीच्या बापाला वाचून दाखवून त्यांची परवानगी घ्यायची काय? मुळीच नाही. हाफेझ हाईमनेही ज्याला इजा होणार आहे त्याला सावध करण्यासाठी बोलण्याची मुभा दिली आहे, अर्थात अटी घालून. म्हणून आम्ही म्हणू की ही कसोटी दुबळ्यासाठी आहे, जुलूम करणाऱ्यासाठी नाही. ज्याला झाकायला दुसरे काही नाही त्याची अब्रू आपण झाकावी.

जवळचे गरीब सोडून लांब जाणे योग्य आहे काय, हाही प्रश्न मंडळी काढतात. आपल्या गावचे गरीब आधी, असे गमारेत आहेच. त्याच गमारेत परजातीच्या गरिबांनाही आपल्या गरिबांबरोबर द्यावे असेही आहे. ज्याला जायचे आहे त्याने जावे. अश्दोदला शेजारच्या जिन्यातल्या म्हाताऱ्याची चौकशी न करणारा मुलगा घरी राहिला म्हणून ती करील, असा काही अनुभव नाही.

मात्र एक गोष्ट मुलांना जाण्यापूर्वी कोणीतरी सांगावी. पत्रे दोन्हीकडून जातात. आपल्या कितीतरी घरांत आज म्हाताऱ्या माणसांची देखभाल नेपाळातून आणि हिंदुस्थानातून आलेल्या बायका करतात. त्या रात्री मुलांशी, नवऱ्याशी, आईशी बोलतात. त्यांच्या भाषेत काय सांगतात ते आपल्याला कळत नाही. आपला मुलगा त्यांच्या डोंगरात जाऊन त्यांचे घर वर्णन करतो, आणि त्यांची बाई आपल्या घरात राहून आपले घर वर्णन करते. ती काय सांगत असेल? तीन खोल्यांत एकटी म्हातारी, कपाट भरून औषधे, फोन फार वाजत नाही, शुक्रवारी मुलगा येतो, तास-दोन तास बसतो, घड्याळ पाहतो. यांतले खोटे काय आहे? पण एवढेच सांगितले तर आपल्याला कसे वाटेल? शब्बाथच्या दिव्याचे, आजींनी तिला शिकवलेल्या नारळाच्या दुधाच्या कालवणाचे, तिचा मुलगा परीक्षेत पास झाला तेव्हा आजींनी वाटलेल्या पेढ्यांचेही तिने सांगावे, असे आपल्याला वाटेलच की नाही?

अशाच एका घरी त्या बाईला आपल्या आईला दाखवण्यासाठी आमच्या एका वृद्ध भगिनीचा फोटो काढायचा होता. तिने हातवारे करून विचारले. भगिनी म्हणाल्या, थांब. कपाटातून चांगले पातळ काढायला लावले, पदर नीट घेतला, चष्मा पुसला. आणि तिलाही बाजूला बसवून घेतले. फोटो दोघींचा निघाला.